ब्लाउजच्या कापडाखाली चाललेला व्हिडिओ

नागपूरच्या मानेवाडा रोडवरच्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो.

‘आमच्या घरी चार फोन. मिस्टर बुटीबोरीला कंपनीत आहेत, मी घरीच ब्लाउज आणि फॉल-पिकोचं काम करते, मुलगा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. चारही फोनवर 299 चा पॅक, रोज दीड जीबी, 28 दिवस. माझं नेट दुपारी चारलाच संपतं. मग बावीस रुपयांचा टॉपअप मारते, एका पॅकमध्ये आठ-नऊ वेळा तरी. मिस्टर म्हणतात, “दिवसभर मोबाइल लावून ठेवशीन तं नेट सरनच न बाप्पा!” पण मी मोबाइल पाहतच नाही हो. हात मशीनवर असतात, नुसती गाणी लावते. मिस्टरांचं अर्धं नेट रात्री तसंच वाया जातं. आणि नवल म्हणजे सासूबाईंचंही रोज संपतं. त्या तर नणंदेशी बोलण्यापलीकडे फोनला हात लावत नाहीत. फोनमध्ये व्हायरस शिरला असेल का? आणि हा सगळा खर्च कमी कसा करू?’

ताई, व्हायरसचं आधी सांगून टाकतो. सासूबाईंच्या फोनमध्ये व्हायरस असेल असं मला वाटत नाही. असलाच तर तो बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे.

खात्री करून घ्या. सासूबाईंचा फोन घ्या, सेटिंग उघडा आणि वरच्या शोधायच्या पट्टीत ‘डेटा युसेज’ लिहा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये ही जागा वेगळी असते, म्हणून रस्ता सांगत बसत नाही, शोधलं की सापडतं. तिथे कोणत्या ॲपने किती नेट खाल्लं त्याची यादी असते, सगळ्यात खादाड ॲप सगळ्यात वर. बहुतेक फोनमध्ये याच यादीत ‘हॉटस्पॉट’ किंवा ‘टेदरिंग’ नावाची एक ओळ असते. ती ओळ पहिल्या नंबरवर दिसली, की समजा आजीचा दीड जीबी नातवाच्या फोनमध्ये नाहीतर लॅपटॉपमध्ये जातोय. यात लपवाछपवी असेलच असं नाही. आजीला विचारलं असेल, आजीने ‘घे बाबू’ म्हटलं असेल. आपल्याकडे आजीला पासवर्ड लागत नाही.

पोट्ट्यावर लगेच चिडू नका. त्याचं पुढे बघू. आधी हिशेब करू, कारण तुमच्या पत्रात जो खर्च दिसतो त्यापेक्षा खरा खर्च मोठा आहे.

28 दिवसांचा पॅक म्हणजे महिन्याचा पॅक नव्हे. वर्षाचे 365 दिवस, भागिले 28, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. आपण डोक्यात बारा धरतो आणि तेरावा कुठे गेला ते कळतही नाही. 299 गुणिले चार फोन गुणिले तेरा, झाले 15,548. तुमचे टॉपअप नऊ धरले तर एका पॅकला 198 रुपये, वर्षाचे 2,574. एकूण 18,122 रुपये. ब्लाउजची शिलाई तुम्ही काय घेता ते मला माहीत नाही, पण किती ब्लाउज झाले ते तुम्हीच काढा.

आता मुद्द्याची गोष्ट, कारण नेट वाचवण्याबद्दल बोलताना हीच विसरली जाते. 2016 च्या आधी आपण एक जीबी नेट महिनाभर पुरवायचो, त्यालाच अडीचशेच्या आसपास मोजायचो, आणि वाचवलेला प्रत्येक एमबी खरोखर आपला असायचा. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि पुढे रोजच्या कोट्याची पद्धत रुळली. रोज दीड जीबी. रात्री बाराला उरलं ते गेलं, सकाळी नवीन सुरू. म्हणजे आज तुम्ही मन मारून अर्धा जीबी वाचवलात, तर एक पैसाही वाचत नाही. मिस्टरांचं अर्धं नेट रोज वाया जातं, तरी त्यांच्या रिचार्जला 299 च लागतात ना? तसंच. नेट कमी वापरल्याने पैसे दोनच ठिकाणी वाचतात. एक, टॉपअप बंद होतात. दोन, खालच्या पॅकवर उतरता येतं. या दोन्हींपैकी काहीच होणार नसेल तर खुशाल वापरा, पैसे आधीच भरलेले आहेत.

म्हणून पहिली धाड टॉपअपवर. तुमच्या पॅकमध्ये 28 दिवसांचे मिळून 42 जीबी होतात, म्हणजे जीबीला सात रुपयांच्या आसपास. टॉपअपचा जीबी बावीस रुपयांना, तिप्पट भावाने. त्यातले काही टॉपअप तर त्याच रात्री बाराला संपतात. चार वाजता मारला, आठ वाजता फोन बाजूला ठेवला, की बाकीचं नेट गेलं.

तुमचं नेट चारलाच का संपतं ते मला जवळजवळ दिसतंय. जेवणं उरकून बारा-साडेबाराला तुम्ही मशीनवर बसता. गाणी यूट्यूबवर लावता. यूट्यूबवर स्क्रीन बंद केली की गाणं थांबतं, ते चालू ठेवायचं तर वेगळे पैसे भरावे लागतात, म्हणून फोन उघडाच ठेवता. तो कुठेतरी टेबलावर, कात्री आणि रिळांच्या मध्ये, अर्धवट ब्लाउजच्या कापडाखाली. वर मशीन चालू, खाली नट-नट्या नाचतायत, आणि त्यांना बघणारं कोणी नाही. गाणं तुम्ही ऐकता पण नेट जातंय चित्राला. बऱ्यापैकी स्वच्छ चित्राचा व्हिडिओ तासाला साधारण अर्धा जीबी सहज घेतो, आणखी स्वच्छ असेल तर जीबीच्या घरात. तीन तास, दीड जीबी. चार वाजले.

हेच गाणं नुसत्या आवाजाचं असेल तर मध्यम प्रतीत तासाला साठ एमबीच्या आत बसतं. पाच तास ऐकलंत तरी तीनशे एमबी नाही होणार. मिस्टरांना हे वाचून दाखवा. तुम्ही मोबाइल पाहत नाही हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि नेट संपणारच हे त्यांचंही खरं आहे.

उपाय तीन आहेत, तुमच्या मनाला येईल तो घ्या. सगळ्यात सोपा म्हणजे यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘व्हिडिओ क्वालिटी प्रेफरन्सेस’ असतं, त्यात मोबाइल नेटवर्कसाठी ‘डेटा सेव्हर’ निवडा. चित्र धूसर होईल. कापडाखाली कोणाला दिसतंय? आवाजात तुम्हाला मशीनच्या खडखडाटापुढे फरक कळणार नाही. फार कंजूषपणा करायचा असेल तर गाणं सुरू असताना क्वालिटी 144 वर आणा, मग तासाला शंभर एमबीच्या आगेमागेच जातं.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्यात मिस्टरांच्या वाया जाणाऱ्या नेटचा उपयोग होतो. रात्री नऊ-दहाला त्यांच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करा, तुमचा फोन त्याला जोडा आणि उद्याची गाणी उतरवून ठेवा. यूट्यूबवर बऱ्याच व्हिडिओंखाली डाउनलोडचं बटण असतं, तिथेही प्रत कमीच निवडा. गाण्यांच्या ॲपवर तशी सोय असेल तर तेही चालेल. बाराला जे नेट मरणारच होतं, त्यातून तुमची दुसऱ्या दिवसाची दुपार निघते. मात्र हॉटस्पॉट आठवणीने बंद करा, नाहीतर घरातला आणखी एक फोन त्यावर येऊन बसेल. कोणाचा ते सांगायला नको.

तिसरा उपाय रेडिओ. विनोद करत नाही. आकाशवाणी नागपूर आहे, विविध भारती आहे, आणि कितीही ऐका, नेट शून्य. काही फोनमध्ये एफएम रेडिओ असतो, फक्त तारेचा इअरफोन खोचावा लागतो, कारण ती तारच अँटेना होते. फोनमध्ये नसेल तर साधा रेडिओ घ्या, तीन-चार पॅकच्या टॉपअपमध्ये येऊन जाईल. माझी आई शेवटपर्यंत निवडणं-टिपणं रेडिओवरच करायची. तिला कधी कोणी ‘नेट सरलं’ म्हटलं नाही.

आणि समजा कधी चारला संपलंच, तर हात लगेच टॉपअपकडे नेऊ नका. कोटा संपला म्हणजे तुमच्यासारख्या पॅकमध्ये नेट बंद होत नाही, 64 केबीपीएसवर येतं. म्हणजे सेकंदाला आठ केबी. व्हिडिओ विसरा, पण व्हॉट्सॲपचा मजकूर येतो-जातो. गिऱ्हाइकाने गळ्याच्या डिझाइनचा फोटो पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून पाठवतं, बहुतेक दोन-अडीचशे केबीच्या आत असतो, अर्ध्या मिनिटात उघडतो. एक एमबीचा असेल तर दोन मिनिटं लागतील, तेवढ्यात एक हूक लावून होतो. यूपीआयचे पैसेही येतात, जरा रखडत. अगदीच अडलं तर *99# हा नंबर नेटशिवाय पैसे पाठवायला आहे, बँकेत जोडलेल्या मोबाइलवरून चालतो. सांगायचं एवढंच की चारनंतर तुमचं काम थांबत नाही, फक्त गाणी थांबतात. आणि गाण्यांची सोय आपण वर केली.

अर्धा कोटा संपला, नव्वद टक्के संपला, की कंपनीचा एसएमएस येतो. आपण तो लोन आणि लॉटरीच्या मेसेजसोबत न वाचता पुसतो. आठवडाभर तो किती वाजता येतो तेवढं शिवणकामाच्या वहीत मापांच्या बाजूला लिहून ठेवा. अर्ध्याचा मेसेज एक वाजता येतोय की पाचला, यावरून उपाय लागू पडला की नाही ते कळेल.

फक्त मे महिन्याच्या आकड्यांवर कायमचा निर्णय घेऊ नका. आपल्याकडे 45 अंशांत दुपारी माणूस बाहेर पडत नाही, सगळं घर कूलरसमोर आडवं आणि प्रत्येकाच्या हातात फोन. नागपुरात उन्हाळ्यात नेट जास्त जाणारच. पॅक बदलायचा तर जुलै-ऑगस्टचं मोजमाप धरा.

आता सासूबाईंचं. त्यांना बोलण्यापलीकडे काही लागत नसेल तर त्यांच्यासाठी नेटचे पैसे भरायचेच कशाला? डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं, की नुसतं बोलणं आणि एसएमएस असलेले पॅकही ठेवा. 2025 च्या सुरुवातीला असे पॅक आले, 84 दिवसांना साडेचारशे-पावणेपाचशेच्या घरात. म्हणजे 28 दिवसांना दीडशेच्या आसपास, आत्ताच्या निम्मे. दर बदलत राहतात, तेव्हा आजचा दर दुकानात विचारा. आणि स्पष्ट शब्दांत विचारा, ‘बिना नेटचा, फक्त बोलायचा पॅक’. हे पॅक कोणी आपणहून दाखवत नाही, ॲपमध्येही ते खालच्या कोपऱ्यात पडलेले असतात. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, तो येत राहील. नणंदेशी व्हिडिओवर बोलायचं असेल तर तुमच्या फोनवरून बोलतील. पॅक बदलल्यावर त्यांच्या फोनचं मोबाइल डेटाचं बटण बंद करून ठेवा, आणि पक्कं करायचं तर त्याच फोनवरून 1925 ला इंग्रजीत ‘स्टॉप’ असा एसएमएस पाठवा, नेट कंपनीकडूनच बंद होतं.

पण हे करायच्या आधी मुलाशी बोला. कारण एका सकाळी आजीचा हॉटस्पॉट कोरडा निघाला, की तो रुसेल, किंवा तुमच्या फोनला जोडून घेईल आणि तुमचे टॉपअप पुन्हा सुरू. तो नक्की काय करतो ते डेटा युसेजच्या यादीतच दिसेल. रील आणि शॉर्ट्स असतील तर एक गोष्ट त्याला सांगा, कदाचित माहीत नसेल. एक रील पाहत असताना पुढच्या रील आधीच उतरायला लागतात. न पाहिलेल्या रीलचंही नेट जातं. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये कमी डेटा वापरण्याचं बटण असतं, ते सुरू केलं की हे आवरतं. रील पाहू नको म्हणून काही उपयोग नाही, तो तुमच्या-माझ्या सांगण्याबाहेरचा विषय आहे.

लॅपटॉप असेल तर मात्र खरा चोर तोच. हे मी स्वतः भोगलंय. वर्ध्याला एका लग्नाला गेलो होतो, रात्री मुक्काम भावाकडे. सकाळी एक मेल पाठवायचा होता, दोन ओळींचा. लॅपटॉप माझ्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडला, मेल लिहिला, चहा घेऊन परत आलो तर दिवसाचा सगळा कोटा साफ. लॅपटॉपला वाटलं वायफाय मिळालं, त्याने गुपचूप अपडेट उतरवून घेतलं. त्याला काय ठाऊक ते माझ्या खिशातलं नेट आहे. पुढे लग्नात जेवणाच्या पंगतीपर्यंत माझा फोन मुका. तेव्हापासून लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवलंय, म्हणजे हे मोजून मिळणारं नेट आहे हे लॅपटॉपला कळतं. मुलाला एवढं एक करायला लावा, अर्धी लढाई तिथेच संपेल.

त्याला खरंच अभ्यासाचे व्हिडिओ जास्त लागत असतील आणि फोन 5जीचा असेल, तर काही कंपन्या रोज 2 जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवर 5जीचं नेट मोजत नाहीत. त्याचा एकट्याचा पॅक थोडा वाढवून आजीचा उतरवला तरी घराला परवडतं. अट एकच, तुमच्या घरात 5जी यायला हवं. आतल्या खोलीत, जाड भिंतींमागे फोन 4जीवर उतरतो आणि मग मोजणी सुरू. तो ज्या कोपऱ्यात बसतो तिथेच फोनच्या वर काय लिहून येतं ते आठवडाभर बघा, मग पैसे वाढवा.

मिस्टरांच्या फोनबद्दल फारसं बोलण्यासारखं नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, फुलांच्या सुप्रभातांवर जाणारं नेट वाचेल. प्ले स्टोअरचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप ‘फक्त वायफायवर’ ठेवा. हे चारही फोनवर करा, दहा मिनिटांचं काम आहे. त्यांचा मोठा फायदा पुढे आहे. त्यांचं नेट सहा महिने असंच उरत राहिलं तर त्यांना कमी नेटच्या पॅकवर आणता येईल, 28 दिवसांना मिळून एक-दोन जीबी आणि बोलणं अमर्याद, असेही पॅक असतात. पण मग तुमची रात्रीची गाणी कुठून उतरणार? ते नवरा-बायकोने बसून ठरवा, मी त्यात पडत नाही.

‘घरी वायफायच घेऊन टाकू’ असं मुलगा म्हणेलच. वाईट नाही, पण हिशेब नीट मांडा. मोबाइलच्या रिचार्जमध्ये जीएसटी धरलेला असतो, ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा जीएसटी सोडून असतो. 399 ची जाहिरात असेल तर 18 टक्के धरून हातात 471 चं बिल. वर्षाचे साडेपाच हजारांच्या वर. ते तेव्हाच परवडतं, जेव्हा वायफाय आल्यावर मोबाइलचे पॅक खरोखर खाली आणले जातात. ओळखीतल्या बहुतेक घरी काय झालं? वायफाय आलं, आणि मोबाइलचे दीड जीबीही तसेच चालू राहिले, ‘बाहेर गेल्यावर लागतं’ म्हणून. दोन्हीकडे पैसे. आधी दोन पॅक टॉपअपशिवाय काढून दाखवा, मग त्या बोलण्याला बसू.

तुमचा स्वतःचा पॅक मी बदलणार नाही. गाण्यांची सोय झाली की दीड जीबी तुम्हाला पुरून उरेल. टॉपअपचे अडीच हजार आणि सासूबाईंच्या पॅकचे दोन हजारांच्या जवळपास, दोन्ही मिळून वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास सुटतात, आणि कोणाचं काही बंद होत नाही. तेराव्या रिचार्जचा त्रास वाटत असेल तर पॅकची किंमत भागिले दिवस करून बघा. तुमचा 299 चा दिवसाला 10 रुपये 68 पैसे पडतो. दुकानदार 84 दिवसांचा सांगेल तेव्हा तोही तसाच भागून बघा, बहुतेक वेळा कमी पडतो. आणि तारीख लक्षात ठेवायला सोपी हवी असेल तर 30 दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेचा, असे पॅकही ट्रायने 2022 पासून कंपन्यांना ठेवायला लावले आहेत.

या खेपेला रिचार्ज करायला मुलाला पाठवू नका, स्वतः जा, आणि सासूबाईंचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून न्या. चारही नंबर एकदम सांगितले तर दुकानदार सवयीने चारही फोनवर 299 च मारेल, आणि एकदा मारलेला पॅक परत होत नाही.